स्क्रीनशॉट पाठवला म्हणजे झालं?

गेल्या काही वर्षांत आपल्या पुण्यातल्या आयटीवाल्यांना समुद्राची नवी ओढ लागली आहे. सह्याद्री पालथा घालून झाला, लडाख झालं, आता कयाक. छानच आहे. माझी तक्रार वल्ही मारणाऱ्यांबद्दल नाहीच. तक्रार आहे ती मागे राहून 'वेदर सपोर्ट' देणाऱ्यांबद्दल. म्हणजे माझ्यासारख्यांबद्दल.

एका जानेवारीतली गोष्ट. तीन मित्रांनी हर्णै ते दाभोळ असा एका दिवसाचा बेत केला. किनाऱ्याकिनाऱ्यानं पंचवीस-तीस किलोमीटर. मी कोथरूडात लॅपटॉप उघडून बसणार. बेत तसा शहाण्यासारखाच आखला होता. पौर्णिमेचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणाची भरती. कोकणातला जुना ढोबळ हिशोब असा की तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा म्हणजे सोळा, सोळाची पाऊणपट बारा. बाराच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी पाणी थबकलेलं असणार. सकाळी सातला निघायचं आणि साडेबारापर्यंत दाभोळच्या खाडीत शिरायचं. सोपं.

निघाले साडेनऊला. पोहे, चहा, फोटो... तुम्हाला माहितीच आहे.

माझ्यासमोर आकडे होते. सकाळी वारा ६ नॉट, दुपारी १४. शाळेत भूगोलात घोकलेलं आठवा : पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६ चे १४ झाले की जोर पाचपटीहून जास्त. त्यात तीनच्या सुमाराला ओहोटीचं पाणी सगळ्यात जोरात खाडीतून बाहेर पडणार आणि समोरून वाऱ्यानं ढकललेल्या लाटा आत येणार. दोघांची टक्कर झाली की लाटा उभ्या होतात. हे सगळं मला माहीत होतं. मी काय केलं? ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, "लुक्स ओके, एन्जॉय!"

तीन वाजता खाडीच्या तोंडाशी एक कयाक उलटली. मागून येणाऱ्या मच्छीमारांच्या होडीनं त्याला उचललं. होडीवरच्या काकांनी एकच प्रश्न विचारला म्हणे, "या वेळेला इथे यायला सांगितलं कोणी?" दोन तास कोणाचाही फोन लागत नव्हता आणि मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो. कारण किती वेळ फोन लागला नाही तर कोणाला कळवायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. कोणाला काही झालं नाही, म्हणून सोमवारी कँटीनमध्ये ती गोष्ट विनोदी झाली. मला काही हसू येईना.

मला साडेनऊला फक्त एवढंच म्हणायचं होतं : "आज दाभोळ नाही. कोळथऱ्याला बाहेर पडा." का नाही म्हटलं? त्यांचा मूड कशाला घालवा? शिवाय घरी पंख्याखाली बसलेल्यानं पाण्यात उतरलेल्याला शिकवायचं कसं?

हीच ती चूक. आपल्या धंद्यातली उपमा द्यायची तर, क्यूएला बग दाखवायची परवानगी आहे, पण रिलीज थांबवायचा अधिकार नाही. असा क्यूए ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. निदान सगळे घाबरून तरी राहतात. किनाऱ्यावरचा माणूस 'नाही' म्हणू शकत नसेल, तर तो सपोर्ट नव्हे, नुसती करमणूक.

यावर तीन उत्तरं हमखास येतात.

पहिलं : "समुद्रात असतो त्यालाच खरं कळतं." समोरची लाट त्याला कळते, हे मान्य. पण चार तासांनंतरची? सकाळचा समुद्र काचेसारखा दिसतो आणि नेमका तोच फसवतो. शिवाय वल्हवणारा दमलेला असतो, पोचायची ओढ असते. निर्णय घ्यायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

दुसरं : "कोळ्यांना विचारलं की झालं." जरूर विचारा. पण "आज दर्या कसा आहे?" असं विचारलंत तर ते त्यांच्या इंजिनाच्या होडीपुरतं उत्तर देतील. तुमचा वेग ताशी पाच किलोमीटर. म्हणून विचारा, "काका, दुपारी तीनला खाडीच्या तोंडाशी वल्ह्याच्या होडीनं जाल का?" उत्तर वेगळं येईल.

तिसरं : "आता अंदाज खूप अचूक झालेत." झालेत की! आपल्या पाषाणच्या आयआयटीएमनं घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, ती ६ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लहान होड्यांसाठी वेगळे इशारे देते. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण दाभोळच्या खाडीचं तोंड त्या चौकोनापेक्षा लहान आहे. तिथे ओहोटी आणि वारा एकमेकांवर कधी आदळतील, हे माणसानंच जुळवून बघायला लागतं. आणि अंदाज अचूक असला तरी तो कोणाला थांबवत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाचे इशारे आधीच निघालेले होते. तरी १७ मे रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज २६१ माणसांसकट बुडाला आणि त्यातली सत्तरावर माणसं गेली. माहिती आणि निर्णय यांच्यात केवढा मोठा समुद्र आहे बघा.

आपल्याकडे किनाऱ्यावरचं काम म्हणजे ज्याला सुट्टी मिळाली नाही त्याच्या गळ्यात मारायचं काम. खरं तर उलट हवं. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करत होते, तेव्हा अभिलाष टॉमी किनाऱ्यावरून त्यांच्या पाठीशी होता. २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून तो स्वतः एकटा, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी मारून आला. म्हणजे आधी किनारा, मग समुद्र. २०१६-१७ मध्ये कौस्तुभ खाडेनं कयाकमधून द्वारका ते कन्याकुमारी असा सगळा पश्चिम किनारा पार केला. तीन हजारांवर किलोमीटर. तेव्हा किनाऱ्यानं सायकलवरून शांजली शाही त्याला साथ देत होती. किलोमीटर मात्र लोक त्याचेच मोजतात.

तर आमचे नियम आता असे आहेत. निघायची शेवटची वेळ आदल्या रात्री लिहून ठेवायची. ती टळली की बेत आपोआप लहान होतो, चर्चा नाही. मधे कुठे बाहेर पडायचं, त्या पुळणी आधी ठरवायच्या. परदेशातल्यासारखा सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि कोकणातली रेंज बेभरवशाची. म्हणून ठरल्या वेळेनंतर एक तास वाट बघायची आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा. ओशाळं व्हायला लागलं तर नंतर होऊ. आणि किनाऱ्यावरच्यानं 'नाही' म्हटलं की नाही. वाद घालायचा तर परत आल्यावर, मासे खाताना.

गेल्या डिसेंबरात मी असंच एकदा 'नाही' म्हटलं. दुपारी वारा पडलेलाच राहिला आणि दर्या संध्याकाळपर्यंत तळ्यासारखा शांत. मित्रांनी मला रात्रभर शिव्या घातल्या. घालू देत. ज्याला चुकीचा 'नाही' परवडत नाही, त्यानं हे काम घेऊच नये.