आळस नव्हे, थायरॉईड!

आमच्या थोरल्या वहिनी पहाटे पाचला उठून नळावर पाणी भरणाऱ्या. चार घरची धुणीभांडी उरकून पुन्हा स्वतःच्या घरचा स्वयंपाक करणाऱ्या. काही वर्षांपूर्वी त्यांना सकाळी उठवेनासे झाले. दुपारी बसल्या जागी डोळा लागू लागला. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. जेवण कमी, वजन मात्र वाढलेले. घरात सर्वांनी मिळून एकच निदान केले, 'बाईला आळस चढला!' खरे सांगायचे तर तसे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. वर्षभर रक्तवाढीच्या बाटल्या झाल्या. कोणी मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तेव्हा वहिनींची थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे कळले. आजारी बाईला आपण वर्षभर बोल लावत होतो, ही खंत आजही जात नाही. म्हणून आज हा विषय.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके तयार करते व रक्तात सोडते. शरीराची चूल किती जोरात पेटावी हे या संप्रेरकांवर ठरते. ती कमी पडली की सारे शरीर मंदावते. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव, विसराळूपणा, उदास मन ही त्याची लक्षणे.

संप्रेरके जास्त झाली तर उलटे घडते. भूक लागूनही वजन उतरते, छातीत धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, जुलाब होतात, झोप उडते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. हा आजार पुरुषांनाही होतो, पण स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे.

कारणे कोणती? पूर्वी आयोडीनची उणीव हे मोठे कारण होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काम करून, मिठातून आयोडीन दिल्यास गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. म्हणून मीठ घेताना पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहा आणि ते झाकणाच्या बरणीत ठेवा.

पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांनाही हा आजार होतो. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते व ती हळूहळू निकामी करते. १९१२ मध्ये जपानच्या डॉ. हाशिमोटो यांनी अशा ग्रंथीचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव या रोगाला मिळाले. यात कोणाची करणी नाही, की त्या बाईचा काही दोष नाही.

तपासणी साधी आहे. टी.एस.एच. नावाची रक्ततपासणी करतात. इथे अनेकांची गल्लत होते. टी.एस.एच. हे थायरॉईडला कामाला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. थायरॉईड मंदावली की हे वाढते. म्हणजे बहुधा आकडा जास्त, तर थायरॉईडचे काम कमी!

मंदावलेल्या थायरॉईडवर औषध म्हणजे थायरॉक्सिनची गोळी. शरीरात जे कमी पडते तेच ती भरून काढते. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा व न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. वजन लवकर उतरावे म्हणून मनाने मात्रा वाढवू नये. त्याने हृदयावर ताण येतो.

थायरॉईड जास्त काम करत असेल तर कार्बिमाझोलसारखी औषधे, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. कार्बिमाझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉईडवरील कामासाठी ते नावाजलेले आहे.

आता वहिनींची दुसरी गोष्ट. चार महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या आणि 'आता बरे आहे, उगाच खर्च कशाला' म्हणून त्यांनी गोळी बंद केली. दोन-तीन आठवडे काहीच झाले नाही. हे औषध रक्तात आठवड्याभराने निम्मे होते, त्यामुळे जुना साठा पुरतो आणि गोळीवाचूनही चालते असे वाटते. पुढे तीच सूज, तोच थकवा परत आला. बहुतेकांना ही गोळी जन्मभर लागते. ती व्यसन नव्हे. चष्मा लावल्याने दिसते म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही! महिन्याचा खर्च जड जात असेल तर सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

गरोदरपणात तर गोळी मुळीच थांबवू नये. पहिले काही महिने गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण बहुधा मात्रा वाढवावी लागते. नवजात बाळाच्याही रक्ताची तपासणी करून घ्यावी. जन्मतः ही उणीव असलेले बाळ अनेकदा दिसायला ठणठणीत असते, पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची बुद्धी वाचते. हा आजार सासरपासून लपवू नका. योग्य उपचार घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात.

भगिनींनो, अंग जड झाले, कामाला हात उचलेना, तर स्वतःला दोष देऊ नका. आणि बंधूंनो, घरातली कामसू बाई अचानक मंदावली, तर बोल लावण्यापूर्वी तिला दवाखान्यात न्या. आमच्या हातून जे झाले ते तुमच्या हातून होऊ नये.