घराची गाठ सोडवू, भावाचा प्रश्न सोडणार नाही



सरकारला शेतकऱ्याच्या मनाची फार काळजी वाटू लागली आहे. २०१५ साली राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसवायचे, आशाताईंनी घरोघर जाऊन कोण खचला आहे ते हेरायचे, अशी ती योजना. योजना वाईट नाही. पण इकडे मनाची विचारपूस चालू असताना तिकडे दिल्लीच्या सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि सप्टेंबरअखेरची ती मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी सुरू, आणि परक्याच्या गाठींना दार सताड उघडे. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला होता. खेडा खरेदीवाल्याने त्यातले किती हातावर ठेवले, ते ज्याने त्याने आपल्या पट्टीवर पाहावे. एका हाताने खिसा कापायचा आणि दुसऱ्या हाताने नाडी बघायची, असा हा कारभार आहे.

म्हणून आपल्या सभांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "मन-बिन काही नाही. घामाचे दाम द्या, मन आपोआप ठिकाणावर येईल." टाळ्या पडतात. या वाक्यात अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यावर आज भांडायचे आहे, आणि हे भांडण आपल्याच माणसांशी आहे.

समजा, पाच एकर कोरडवाहू रान आहे. तीन एकर पऱ्हाटी, दोन एकर ज्वारी. बँकेचे पीककर्ज ८० हजार, कृषी केंद्राची उधारी ४० हजार, सावकाराचे ६० हजार. एकूण १ लाख ८० हजार. घरच्या लक्ष्मीला यातले फक्त बँकेचे ८० हजार माहीत. म्हाताऱ्याला तेही नाही. पोरगा पुण्याला कामाला जाईन म्हणतो, बाप ऐकून घेतो आणि उठून जातो. पोरीची सोयरीक पुढे सरकत नाही, त्याचा दोष सून सासूला देते आणि सासू सुनेला. संध्याकाळी कारभारी घेऊन येतो आणि न जेवता झोपतो. या घरात आजारी कोण? दवाखान्यात न्यायचे तर कोणाला?

उत्तर असे आहे की गाठ एका माणसात नाही, माणसामाणसांच्या मध्ये आहे. एकट्या कारभाऱ्याला गोळी देऊन ती सुटत नाही. सगळ्या घराला एकत्र बसवून, प्रत्येकाला आपल्या पाळीने बोलू देऊन, दुसऱ्याला मध्येच न तोडता ऐकायला लावून ती सैल करायची, याला कुटुंब समुपदेशन म्हणतात. समुपदेशक निवाडा देत नाही, कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. जे बोलणे वर्षभर अडले आहे ते बाहेर काढतो, आणि पुढच्या हंगामापर्यंत कोणी काय करायचे ते घराकडूनच ठरवून घेतो.

हे शहरी खूळ आहे असे कोणी म्हणू नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णाबरोबर नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. घर बरोबर असले की माणूस लवकर सावरतो, हे तेथे दिसले. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्याचे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. दीड वर्षात नैराश्यात असलेल्यांपैकी मदत घेणारे शंभरात ४ होते ते २७ झाले. जीव नकोसा होण्याचे विचार शंभरात ५ जणांना येत होते, ते प्रमाण निम्म्यावर आले. हे काम गावपातळीवरच्या शिकवलेल्या माणसांनी केले. घराला एकत्र बसवणे ही त्याच्या पुढची पायरी आहे.

आता भावाच्या लढ्याचा विचार करा. ज्याचे सावकारी कर्ज घरापासून लपलेले आहे, तो कापूस थांबवून ठेवू शकत नाही. दिवाळीच्या आधी, ओला असला तरी, मिळेल त्या भावाने तो मोकळा करतो. तो मोर्चात येत नाही, कारण तेथे सावकाराचा भाऊबंद भेटेल. लपवलेले कर्ज घराला दुबळे करते आणि दुबळे घर बाजारात आधी मोडते. उद्या रास्त भाव मिळाला तरी पैसा कुठे जातो ते वेचणाऱ्या बाईला कळणार नसेल, तर ते घर उभे कसे राहील? १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला लाखोंनी जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमिनी झाल्या. सातबाऱ्यावर तिचे नाव लावायला निघालेल्या चळवळीने तिला कर्जाचा आकडाही सांगितलाच पाहिजे.

"घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" असे विचारणाऱ्यांना एकच सांगणे आहे. बँकेची नोटीस दारावर लागते तेव्हा ती चव्हाट्यावरच असते. त्याआधी ओसरीवर बोललेले बरे. मात्र जेथे मारहाण आहे, तेथे बाईला मारणाऱ्यासमोर बसवून 'समजूत' काढू नये. तिच्याशी आधी वेगळे बोलावे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण तिला मिळवून द्यावे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे या मागण्या ठेवाव्यात.

१. समुपदेशक घरी यावा, पेरणी-वेचणीचे दिवस सोडून, संध्याकाळी. तालुक्याला खेटे नकोत.

२. माणूस गेल्यावर पंचनाम्याला येणारे सरकार आधी यावे. थकबाकीची नोटीस ज्या घरी जाते, त्या घरी त्याच आठवड्यात समुपदेशक जावा.

३. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. त्यांच्या फुकट राबण्यावर योजना चालवू नये.

४. 'घरगुती कारण', 'व्यसन' असे समुपदेशनाच्या कागदावर लिहून त्याच्या आधारे कोणाची मदत अपात्र ठरवू नये. घराने विश्वासाने सांगितलेले घराविरुद्ध वापरणे हा दगा आहे.

आणि एक काम आपले. पाडव्याच्या आत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरातल्या सर्वांसमोर देण्या-घेण्याचा पूर्ण कागद मांडावा. सावकाराच्या आकड्यासकट. जो घरात हिशेब देत नाही, त्याला सरकारकडे हिशेब मागण्याचा तोरा शोभत नाही.

गावात कोणी फार गप्प झाला असेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, जवळ बसा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या फुकट क्रमांकावर फोन लावून द्या. तेथे रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते. जीव द्यायला निघालेला माणूस गुन्हेगार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला मदत देणे सरकारचे कर्तव्य केले आहे.

मनाची मदत आम्ही हक्काने घेऊ. तिच्या बदल्यात भावाची मागणी मात्र एक रुपयानेही खाली आणणार नाही.