शेंगेवरील बुरशी व सोसायटीचें कर्तव्य

शेंगेवरील बुरशी ही केवळ भावाची नव्हे, जिवाची बाब आहे. सन १९६० मध्यें इंग्लंडांत बुरसलेल्या भुईमूग-पेंडीनें लाखावर टर्की पक्षी मेले, व अफ्लाटॉक्सिन हें विष उघडकीस आलें. सन १९७४ मध्यें बांसवाडा-पंचमहाल भागांत बुरसट मक्यानें शंभरांवर माणसें दगावलीं. हें विष भाजल्यानें पुरतें जात नाहीं. शेंग खडखडीत वाळविणें व फुटकी-किडकी वेगळी काढणें, हाच उपाय. पण नुसत्या वजनावर पैसे देणारा व्यापार ओल्या मालासच बक्षीस देतो! म्हणून सोसायटीनें ओलावामापक यंत्र घेऊन कोरड्या मालास चढा भाव द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. निवडून काढलेली बुरसट शेंग गुरांसही घालूं नये. तें विष दुधांत उतरतें, आणि दूध आपलींच मुलें पितात.