विकताना विचारता, मग घेताना का नाही?

कारखानदारीतल्या एखाद्या जुन्या कंपनीचे निकाल लागतात, त्याच सुमारास परदेशातली मोठी कंपनी विकत घेण्याचा बेत जाहीर होतो आणि शेअर पडतो. मग किरकोळ गुंतवणूकदारावर ठरलेली टीका सुरू होते. तो घाबरट आहे, त्याला पुढच्या तिमाहीपलीकडे दिसत नाही, उद्योग उभारणारी माणसे वीस वर्षांचा विचार करतात, आणि ज्याला पटत नसेल त्याने शेअर विकून मोकळे व्हावे, असे सांगितले जाते. हे मत मला साफ चुकीचे वाटते. ते तपासायला टाटा स्टीलइतके, म्हणजे जुन्या भागधारकांच्या टिस्कोइतके, चांगले उदाहरण नाही.

ऑक्टोबर 2006 मध्ये टाटा स्टीलने ब्रिटिश-डच कोरस कंपनीसाठी शेअरमागे 455 पेन्सची बोली लावली. ब्राझीलची सीएसएन स्पर्धेत उतरली, बोली चढत गेली, आणि 31 जानेवारी 2007 च्या पहाटे लिलाव संपला तेव्हा टाटांचा आकडा 608 पेन्स होता, सीएसएनचा 603. वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास पोलाद करणाऱ्या कंपनीने तिच्या तिपटीहून मोठी कंपनी सुमारे 12 अब्ज डॉलरला घेतली. देशभर अभिमानाची लाट आली, आणि ती खोटी नव्हती. मुंबई शेअर बाजारात मात्र त्याच दिवशी टाटा स्टीलचा भाव सुमारे दहा टक्के पडला. त्या पडझडीला तेव्हा अनेकांनी करंटेपणा म्हटले.

भागधारकाला काय खटकले होते? जमशेदपूरचा कारखाना जगातल्या सर्वांत स्वस्त पोलाद करणाऱ्यांत गणला जाई, कारण लोहखनिजाच्या खाणी त्याच्या स्वतःच्या होत्या. कोरसकडे ना खनिज होते ना कोळसा. दोन्ही बाजारभावाने विकत घ्यायचे, वर युरोपातली मजुरी आणि पेन्शनचे ओझे. चांगल्या नफ्याच्या व्यवसायाने कमी नफ्याचा व्यवसाय घ्यायचा, तोही पोलादाचे भाव चढलेले असताना, कर्ज काढून आणि पहिल्या बोलीच्या तिसऱ्या हिश्श्याने जास्त पैसे मोजून. हे समजायला परदेशी बँकेतली नोकरी लागत नाही. वार्षिक अहवाल वाचणाऱ्या ठाण्यातल्या वा पुण्यातल्या निवृत्त कारकुनालाही ते कळते.

खरेदीमागे कारण नव्हते असे मी म्हणत नाही. देशात नवा कारखाना काढणे अवघड झाले होते. ओडिशातल्या कलिंगनगरला जानेवारी 2006 मध्ये जमिनीच्या प्रश्नावरून पोलिसांच्या गोळीबारात आदिवासींचे बळी गेले, आणि तिथला टाटा स्टीलचा कारखाना सुरू व्हायला 2015 उजाडले. तयार कारखाना विकत घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण मोहाचीही किंमत ठरवावी लागते.

पुढे काय झाले? 2007 संपताना शेअर 900 रुपयांच्या पुढे गेला, आणि जानेवारीत विकणाऱ्यांना मूर्ख ठरवण्यात आले. एका वर्षाच्या भावावरून लांब पल्ल्याचा निर्णय बरोबर ठरवणारे हे तेच लोक होते, जे किरकोळ भागधारकाला आखूड नजरेचा म्हणत होते. 2009-10 मध्ये कंपनीचा एकत्रित निकाल तोट्याचा आला. 2012-13 मध्ये, मुख्यतः युरोपातल्या व्यवसायापोटी, 8,356 कोटी रुपयांचे मूल्य हिशेबातून काढून टाकावे लागले आणि वर्षाचा एकत्रित तोटा 7,058 कोटींवर गेला. ब्रिटनमधला लाँग प्रॉडक्ट्सचा व्यवसाय 2016 मध्ये एका पौंडाला विकला गेला. युरोपातल्या व्यवसायासाठी जर्मनीच्या थिसेनक्रुपशी ठरलेली भागीदारी 2019 मध्ये युरोपीय आयोगाने रोखली. 30 सप्टेंबर 2024 रोजी कोरसकडून आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅलबट कारखान्याची शेवटची झोतभट्टी बंद झाली.

यावर उत्तर येते की 2008 ची मंदी कुणाला दिसली होती? मंदीची तारीख कुणालाच दिसली नव्हती, हे खरे. पण पोलादात तेजीनंतर मंदी येते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते, आणि कर्जाचा हप्ता मंदी पाहून थांबत नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे, ते म्हणजे जग्वार लँड रोव्हर. टाटा मोटर्सने 2008 मध्ये फोर्डकडून ही कंपनी 2.3 अब्ज डॉलरला घेतली. फोर्डने दोन्ही नावांसाठी त्याच्या दुपटीहून जास्त मोजले होते. 2008-09 ला 2,505 कोटींचा एकत्रित तोटा झाला, 340 रुपयांच्या राइट्स इश्यूकडे लोकांनी पाठ फिरवली, आणि 2010-11 मध्ये 9,274 कोटींचा नफा आला. इथे संशय घेणारे चुकले, हे मान्य करायलाच हवे. पण म्हणून संशय घेण्याचा हक्क जात नाही. किंमत माफक होती म्हणूनही हा सौदा तरला. शिवाय याच व्यवसायाचे मूल्य घटवावे लागल्याने डिसेंबर 2018 च्या तिमाहीत टाटा मोटर्सला सुमारे 27,000 कोटींचा तोटा दाखवावा लागला.

राहिले ‘पटत नसेल तर विका’. विकायचे कधी? बातमी कळते तेव्हा भाव आधीच पडलेला असतो. आणि ज्याने तीस वर्षे शेअर सांभाळला, त्याला मालक म्हणायचे आणि सर्वांत मोठ्या निर्णयाच्या दिवशी दार दाखवायचे, हे कोणत्या न्यायात बसते? कोरसच्या भागधारकांनी टाटांच्या बोलीवर मतदान केले. टाटा स्टीलच्या भागधारकाकडे राइट्सचा अर्ज आला. त्यातला 300 रुपयांचा शेअर स्वस्त होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सोबत 100 रुपयांचे परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर होते, सहा मिळून एक साधा शेअर, म्हणजे 600 रुपयांना. सप्टेंबर 2009 मध्ये ते बदलून मिळाले तेव्हा बाजारातला भाव 600 च्या बराच खाली होता.

आजचा कायदाही विकताना विचारण्याच्याच बाजूला झुकलेला आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 180 प्रमाणे कंपनीला आपला मुख्य व्यवसाय विकायचा असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. खरेदीसाठी कलम 186 मध्ये मर्यादा घातली आहे आणि तिच्यापुढे तसाच ठराव लागतो, पण पैसा पूर्ण मालकीच्या उपकंपनीत घातला तर त्या ठरावातून सूट आहे. परदेशातली मोठी खरेदी बहुधा अशाच उपकंपनीमार्फत होते. घर विकताना कुटुंबाला विचारायचे आणि घर गहाण टाकून दुसरे घेताना विचारायचे नाही, असा हा प्रकार आहे.

मतदान ठेवले तर स्पर्धेच्या लिलावात वेळ जाईल, गुप्तता राहणार नाही, असा आक्षेप आहे. लिलावाच्या रात्री सभा भरवा असे कुणी म्हणत नाही. जास्तीत जास्त किती किंमत आणि किती कर्ज, याला सौदा पुरा होण्याआधी मान्यता घेता येते. भागधारक प्रत्येक खरेदीला विरोधच करतील, ही भीतीही निराधार आहे. 2018 मध्ये टाटा स्टीलने दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून भूषण स्टील घेतली, तेव्हा धनकोंना 35,000 कोटींहून अधिक रुपये दिले. पण तो कारखाना ओडिशात होता, कंपनीच्या ओळखीच्या मुलखात आणि बाजारात. भागधारकाला हा फरक कळतो.

म्हणून कलम 186 मधली ही सूट ठरावीक आकारापुढच्या खरेदीला लागू नसावी, आणि खरेदीनंतर दहा वर्षे त्या व्यवसायाचा नफा, त्याच्या नावावरचे कर्ज आणि गुंतवलेल्या पैशावरचा परतावा वार्षिक अहवालात वेगळा छापला जावा. कायदा बदलेपर्यंत हे आकडे आपणच मागायला हवेत. सभा आता ऑनलाइन होतात, बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. ते नोंदवा आणि आपल्या कंपनीच्या अध्यक्षांना हे आकडे नावानिशी विचारा.