कायद्याची सावली फडापर्यंत

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, धारूर, वडवणी तालुक्यांतली गावे ओस पडू लागतात. हजारो जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलच्या उन्हातही तोडणी आणि मोळ्यांची वाहतूक चालूच राहते.

अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करण्याची सोय हवी, असा दंडक १९४८ च्या कारखाने कायद्याने घातला होता. बॉयलरजवळच्या कामगाराला त्याचा आधार होता. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा मजूर मात्र दाराबाहेरच राहिला.

‘पाणी प्या, दुपारी सावलीत बसा’ हा सल्ला त्याला देणे ही थट्टाच आहे. मजुरी टनावर, डोक्यावर मुकादमाची उचल, खाडा पडला तर दंड; मग त्याने विसावा घ्यावा कोणाच्या खर्चाने? आडोसा नसल्याने स्त्रिया तर तहान असूनही पाणी टाळतात. घामावाटे गेलेले पाणी भरून निघाले नाही की भोवळ येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. निकाराग्वातील ऊसतोड मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने दगावू लागले, तेव्हा तेथे पाणी, विश्रांती व सावली पुरविण्याचे प्रयत्न सुरू झाले.

म्हणून आपली मागणी केवळ माठाची असू नये. दुपारच्या विश्रांतीची मजुरी, फडावर पाणी, सावली आणि शौचालय या गोष्टी कारखान्यांवर बंधनकारक झाल्या पाहिजेत. तोडणीच्या दराचा पुढचा करार होईल, तेव्हा संघटनांनी दरवाढीबरोबर ही कलमेही त्यात लिहून घ्यावीत.