सेमी इंग्रजीचा फलक लागला, शिकवायचं कोणी?

जून उजाडला की गावोगाव एकच चर्चा. पोराला सेमीला टाकायचं की मराठीतच ठेवायचं? हायस्कूलच्या फाटकावर 'सेमी इंग्रजी वर्ग सुरू' असा फलक लागला की पालकांची रीघ लागते. ज्या शाळेकडे तो फलक नाही, तिथली तुकडी धोक्यात येते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, असा हा मामला आहे. पण हे इंग्रजी मुलाच्या गळी उतरवायचं कोणी, हे कुठेच ठरलेलं नसतं. इंग्रजीचे सर म्हणतात, माझा ८० मार्कांचा लेखी पेपर आणि २० मार्कांची तोंडी, त्यातच वर्ष संपतं. विज्ञानाच्या बाई म्हणतात, मी विज्ञान शिकवते, इंग्रजी नाही. दोघांच्या मध्ये पोरगं अडकतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आज आठवीत येणारा मुलगा कागदोपत्री सात वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. प्रत्यक्षात काय? 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुले तपासली गेली. इंग्रजी वाक्ये वाचता आली ती ५७.३ टक्के मुलांना. वाचणाऱ्यांपैकीही सुमारे चौथ्या हिश्श्याला अर्थ सांगता आला नाही. वाचता येणं आणि समजणं यात एवढं अंतर असताना आपण मुलाच्या हाती इंग्रजीतलं विज्ञान देतो.

अडचण मोठमोठ्या शब्दांचीच असते असं नाही. साधे शब्दच जास्त फसवतात. त्रिकोणाचा 'बेस' म्हणजे पाया, रसायनात तोच 'बेस' म्हणजे आम्लारी. 'पॉवर' म्हणजे घरी लाईट, गणिताच्या तासाला घात आणि भिंगाच्या धड्यात आणखी तिसरंच. मुलगा गप्प बसतो. मास्तरांना वाटतं समजलं. परीक्षा आली की गाईड घोकायचं, संपलं.

यावर उपाय महागडा नाही. धडा सुरू करण्याआधी त्यातले सात-आठ शब्द मराठी अर्थासह फळ्यावर यावेत. मुद्दा आधी मराठीतून समजावा, मग पुस्तकातलं इंग्रजी वाक्य उघडावं. मुलांनी शेजाऱ्याशी मराठीत बोलून उत्तर ठरवावं आणि मग ते इंग्रजीत लिहावं. पहिले काही महिने अर्धं वाक्य शिक्षकांनी फळ्यावर द्यावं. मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण मराठी ही इंग्रजीकडे जायची पायरी आहे. आणि साहित्य म्हणाल तर घरात पडलेलं असतं. खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे शेकडा प्रमाण. त्या एका पोत्यावर गणित, रसायन आणि इंग्रजी तिन्ही तास होतील.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली भागात हा गुंता दुप्पट आहे. तिथल्या कितीतरी घरांत भिली, कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलतात. त्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्याच्यासाठी फळ्यावर मराठी अर्थ लिहून भागत नाही. त्याची बोली जाणणारा शिक्षक किंवा वरच्या वर्गातला मुलगा जोडीला लागतो.

खरा फटका दहावीनंतर बसतो. अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजीत, शिकवणंही इंग्रजीत. दहावीला विज्ञानात चांगले मार्क घेतलेलं मराठी माध्यमाचं पोरगं दिवाळीपर्यंत हबकून जातं आणि आर्ट्सला वळतं, नाहीतर घरी शेतावर येतं. गंमत अशी, की वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतून देता येते. तिथवर पोचवणारी दोन वर्षं मात्र इंग्रजीत काढावी लागतात. मग बाप तालुक्याच्या क्लासची फी भरायला सोसायटीचं कर्ज काढतो किंवा एखादं जनावर विकतो.

म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत सरपंच आणि पालकांनी विचारायला हवं: आठवीच्या सुरुवातीला महिनाभर उजळणी घेणार का? गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक शब्दांची यादी मिळून करणार का? आणि तासाला पोरं स्वतः किती वेळ बोलतात? फलकाचा रंग कोणता, हे नंतर बघू.