धरणाच्या काठी तहानलेल्या आजी

जोडून सुट्टी आली की पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील अनेक कुटुंबे पवना धरणाच्या वाटेला लागतात. देहूला गाथा मंदिरात दर्शन घ्यावे, कामशेतहून पवनानगरकडे वळताना बेडसे लेणी पाहावीत आणि सायंकाळी जलाशयाच्या काठी बसून तुंग आणि तिकोना हे किल्ले न्याहाळावेत, असा बेत ठरतो.

अशा दिवशी आपल्या घरातील आजींकडे जरा लक्ष द्या. सकाळचा चहा त्या अर्धाच घेतात. वाटेत पाण्याची बाटली पुढे केली, तर ‘तहान नाही’ म्हणतात. खरे कारण त्या सांगत नाहीत. स्वच्छतागृह कुठे मिळेल, तेथे उकिडवे तर बसावे लागणार नाही ना, सारखी गाडी थांबवायला सांगितली तर मुले वैतागतील का, हे प्रश्न त्यांच्या मनात असतात. पिंपरी-चिंचवड शहर ज्या धरणाचे पाणी पिते, त्याच्याच काठी आजी कोरड्या घशाने बसून राहतात. आजोबांचीही गत बहुधा निराळी नसते.

हा संकोच महागात पडू शकतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असूनही घसा ते वेळेवर सांगत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी अधिकच घटते. मग उभे राहताना चक्कर येते, तोल जातो, कधी बोलण्यात असंबद्धता येते. लघवी गडद होणे आणि तोंड कोरडे पडणे या आधीच्या खुणा आहेत. सहलीत पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने अंथरुणात जाऊ शकतात.

म्हणून निघण्यापूर्वीच थांबे ठरवा आणि ते ज्येष्ठांना स्पष्ट सांगा. साधारण दर दीड तासाने, कमोडची सोय असलेल्या ठिकाणी, गाडी थांबवा. ‘आम्हालाही उतरायचेच आहे’ असे म्हणत सर्वांनीच उतरावे, म्हणजे एकट्या आजींना अवघडल्यासारखे होत नाही. एकदम तांब्याभर पाणी देण्यापेक्षा थोडे थोडे देत राहा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळा. गोळीची वेळ प्रवासासाठी बदलावी का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःच्या मनाने ती चुकवू नका. इन्सुलिन असल्यास ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.

बेडसे लेण्यांपर्यंत पोहोचायला शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे साथ देत नसतील, तर आजींनी पायथ्याशी सावलीत बसावे; मात्र त्यांच्याजवळ घरातील कोणीतरी थांबावे. गाडीतून उतरताना आधी पाय खाली टेकून मिनिटभर बसावे, मग हाताचा आधार घेऊन उठावे.

आणि आजी-आजोबा, एक विनंती आपल्यालाही. गाडी थांबवायला सांगण्यात कमीपणा मानू नका. लहानपणी याच मुलांसाठी आपण किती वेळा एस.टी. थांबवायला लावली होती, ते आठवा आणि पाण्याचा पेला निःसंकोच रिकामा करा.